गाडी लागते त्यांच्यासाठी

गगनबावड्याच्या स्टँडला लागून माझं दुकान.
आवळासुपारी, लिंबं, गोळ्या
आणि फुकट द्यायच्या काळ्या पिशव्या,
ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी.

घाट उतरायच्या आधी माणसं माझ्याकडं येतात,
चढून आली की पुन्हा माझ्याकडंच.
तेव्हा तोंडं हळदीसारखी.
पाणी देते. बाकडं पुसून देते.
ओकून आलेल्याला गाव विचारू नये.

भादवा सरत आला तरी धुकं दुकानातून उठत नाही.
गिऱ्हाईक असतं तर एवढ्यात उधारी झाली असती.
काड्यापेट्या तांदळाच्या डब्यात ठेवल्यात.
पुडी बांधावी तर रद्दीवरची बातमी बोटाला लागते,
कुणाच्या तरी निवडीबद्दल अभिनंदन.
धाकट्याचा गणवेश चुलीवर वाळतो.
सगळ्या वर्गालाच धुराचा वास,
गुरुजी म्हणतात, हजेरी नाकानं घेतो.

कंट्रोलर पडवळ गाडी दिसायच्या आधी ओळखतात.
खाली वळणावर गिअर पडला
की वही उघडतात, "कणकवली."
परवा चुकले.
चिऱ्याचा ट्रक निघाला.
दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत,
चहा आणला तर म्हणाले, "ठेवा तिथं."

आज पोस्टाच्या मागं गवा येऊन गेला.
पोस्टातली मुलगी नवीन, इचलकरंजीची.
तिनं खिडकी लावली, आणि फोनवर आईला म्हणाली,
"म्हैस होती गं. जरा मोठी."
मी पाकिटं घ्यायला गेले होते, ऐकलं.
लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी
मीही आईला सगळं
म्हशीएवढंच सांगायचे.

अक्काताई गुरव भाजीची पाटी टेकवते,
"उघडलंय तवर मी जातो गं," म्हणते
आणि तासभर बसते.
काल म्हणत होती सून बोलतच नाही.
आज म्हणते लई बोलते.
दोन्ही दिवशी मी म्हटलं, "होय की."

शाळेत बाई सांगायच्या,
या धारेवर पडलेलं पाणी दोन वाटांनी जातं.
पुढच्या पत्र्यावरचं कोकणात,
मागचं कुंभीला, तिथून पंचगंगेला.
खरं असेल नसेल.
मी भांडी मागच्या बाजूला घासते.
थोरली शहरात नर्सिंगला आहे,
रोज शिवाजी पुलावरून जाते.
खाली कधीतरी माझ्या तव्याची राख जात असणार,
ती मोबाईलमध्ये बघत असणार.
दोघींपैकी कुणाला सांगायचं?

तीनच्या वैभववाडीला एक म्हातारा आला,
पिशवीतून कुत्र्याच्या पिल्लाचं नाक बाहेर.
"ह्याला चालंल काय गोळी?"
मला काय माहीत.
चालणार नाही म्हटलं, पिशवी न्या दोन.
पिल्लू माझ्याकडं बघत राहिलं,
पैसे देऊन बसलेल्या माणसासारखं.
म्हाताऱ्यानं एक पिशवी परत दिली.
"त्याचं त्याला एक पुरंल. माझं मी गिळतो."

संध्याकाळी लोक विचारतात,
तुम्हाला लागते काय हो गाडी?
मी बसते कुठं.
कोल्हापूरला वर्षातनं दोनदा,
तो रस्ता तसा सरळ.

पण शेवटची गाडी गेल्यावर
फळ्या लावताना कधी कधी धुकं जोरात सरकतं,
स्टँडचा दिवा मागं जातो,
पिंपळ मागं जातो, पडवळांची खुर्ची,
आणि वाटतं सगळं बावडंच वळण घेतंय.
मग फळी धरून उभी राहते.
बरणीतली एक आवळासुपारी तोंडात टाकते,
आठाणे स्वतःच्या नावावर लिहीत नाही.

"कुठली आली?" पडवळ आतनं विचारतात.
"कुठली नाही," मी म्हणते.
"झोपा."